स्कॉलरशिपचा फॉर्म आणि आजोबांचा दाखला

मागे गाडीचा भोंगा ऐकू आला तर समजून घ्या. आमचं घर दिव्यात, रुळांपासून फार लांब नाही, आणि कितीही उशिरा रेकॉर्डिंगला बसलं तरी एखादी मालगाडी येतेच.

आजचा विषय एका रीलवरून निघाला. इथल्याच एका मुलीने पाठवलं होतं, बारावी सायन्सला आहे. रीलमध्ये अमेरिकेतली एक कृष्णवर्णीय मुलगी सांगतेय की कॉलेजसाठी तिने किती स्कॉलरशिपना अर्ज केले आणि निबंध कसा लिहायचा. आमच्या श्रोत्या मुलीचे खाली दोन प्रश्न होते. एक, ‘दादा, आपल्याकडे असं काही असतं का?’ दोन, ‘फॉर्म भरला तर वर्गात सगळ्यांना कळतं का?’

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्यावर नंतर येतो, कारण मला वाटतं तिला खरं तेच विचारायचं होतं.

तिकडचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना मिळणारा बराचसा पैसा वेगवेगळ्या निधींमधून, संस्थांमधून, कंपन्यांकडून येतो. युनायटेड निग्रो कॉलेज फंड हा त्यातला मोठा आणि जुना. तो १९४४ साली उभा राहिला. प्रत्येकाचा फॉर्म वेगळा, तारीख वेगळी, बऱ्याच ठिकाणी निबंध. म्हणजे घरी काय सोसलं, शाळेत काय झालं, हे अनोळखी माणसाला पटेल असं लिहायचं. त्यात जून २०२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने प्रवेश देताना वंशाचा विचार करायला बंदी घातली, आणि त्यानंतर काही विद्यापीठांनी आपल्या स्कॉलरशिपच्या अटीही बदलल्या.

आता गंमत बघा. आपल्याकडची अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, घरात आपण जिला नुसतं ‘जीओआय’ म्हणतो ती, तीसुद्धा १९४४ चीच. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. म्हणजे ही योजना स्वातंत्र्याच्याही आधीची आहे, कुठल्या निवडणुकीत वाटलेली नाही. आणि इथे निबंध नाही. तुमची कहाणी कोणी विचारत नाही. इथे कागद लागतात. वर्गातल्या हुशार मुलाचं अडतं ते कागदावर, मार्कांवर नाही.

मी अनुसूचित जातीबद्दलच जास्त बोलणार, कारण मी त्यातून गेलोय. आदिवासी, भटके विमुक्त, ओबीसी, ईडब्ल्यूएस यांच्या योजना त्याच महाडीबीटी पोर्टलवर आहेत, पण अटी आणि रकमा वेगळ्या. आपापल्या योजनेचं पान उघडून वाचा, मित्राने सांगितलं म्हणून भरू नका.

तर कागद. तुम्हाला वाटतं फॉर्म कॉलेज सुरू झाल्यावर भरायचा असतो. पोर्टलवरचा फॉर्म, हो, तेव्हाच. पण त्या फॉर्मला जे जोडायचं असतं त्याचं काम अकरावीत सुरू करावं लागतं, आणि दिव्यातल्या मुलांना तर जास्तच लवकर. का ते सांगतो.

इथे मूळचं कोण आहे? आगरी-कोळी गावठाणं सोडली तर बाकी आपण सगळे आलेलो. कोणी रत्नागिरीचं, कोणी सिंधुदुर्गचं, कोणी जळगाव, बीड, लातूरचं. आईवडिलांनी खोली इथे घेतली, रेशनकार्ड इथलं, आधार इथलं, तुमचा जन्मही कळवा-ठाण्याकडचा. पण जातीचा दाखला काढताना सरकार विचारतं की ‘मानीव दिनांका’ला तुमचं कुटुंब कुठे राहत होतं. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०. विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेच्या आधीचा, जातीची आणि गावाची नोंद असलेला वडिलांकडच्या पूर्वजाचा पुरावा लागतो. आणि दाखला देतो त्या मूळ गावाच्या भागातला प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी. त्यामुळे राहायला दिव्यात आणि दाखला दापोली किंवा मंडणगडचा, हे आपल्याकडे अगदी नेहमीचं.

आता हिशेब करा. १९५० च्या आधी शाळेत गेलेला माणूस म्हणजे तुमचे आजोबा, बहुतेक पणजोबाच. आणि त्या काळात आपल्यातले किती जण शाळेत होते? ज्यांना शाळेच्या पायरीवर बसवलं त्यांच्याच नातवाकडे त्यांचा शाळेचा दाखला मागायचा, हा विचित्र प्रकार आहे, मला तो आजही पटत नाही. पण नियम नुसत्या शाळेच्या दाखल्यावर थांबत नाहीत, हे लोकांना माहीत नसतं. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा चालतो. गावच्या जन्म-मृत्यू नोंदी चालतात, गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. महार वतनाच्या जमिनीची जुनी नोंद असेल तर तीसुद्धा पुरावा म्हणून दाखवता येते. त्या जमिनीतून आज एक गुंठाही हातात नसेल, पण तहसीलच्या अभिलेख कक्षात आजोबांचं नाव असू शकतं. शोधायला अर्ज द्या, नक्कल मागा.

अजून एक गोंधळ मला दर वर्षी विचारला जातो. ‘दादा, माझ्या शाळेच्या दाखल्यावर बौद्ध आहे आणि पणजोबांच्या कागदावर हिंदू महार. रिजेक्ट होईल का?’ अरे, धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. पुरावा मागतात १९५० च्या आधीचा. मग त्या कागदावर बौद्ध कसं असेल? महारच असणार. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातींच्या यादीचा लाभ १९९० च्या दुरुस्तीने देशभर मिळाला. पणजोबा महार, आजोबा किंवा वडील बौद्ध, तुम्ही बौद्ध, ही साखळी वंशावळीच्या शपथपत्रात नीट दाखवायची असते. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

दाखला हातात आला की पुढचा टप्पा जात वैधता प्रमाणपत्र, व्हॅलिडिटी. नुसत्या स्कॉलरशिपपेक्षा इंजिनीअरिंग, फार्मसी, मेडिकलच्या राखीव जागेसाठी ती जास्त महत्त्वाची. वेळेत नसेल तर राखीव जागाच हातची जाऊ शकते. कधी सरकार अर्जाच्या पावतीवर मुदत देतं, पण त्या भरवशावर बसू नका. अर्ज ऑनलाइन भरून मूळ जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे जातो, सोबत कॉलेजचं पत्र लागतं. म्हणून बारावीत असतानाच कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारा. आणि वडिलांकडच्या कोणाकडे, सख्खा काका, चुलतभाऊ, आत्या, व्हॅलिडिटी आधीच असेल तर त्यांची प्रत मागून घ्या. निम्मं काम तिथेच होतं. इथे भाऊबंदकी आडवी येते हे मला माहीत आहे. जमिनीच्या वादात काका बोलत नसेल तर आजीला मध्ये घाला. आमच्या ओळखीच्या एका घरात आठ वर्षं बंद असलेलं बोलणं एका झेरॉक्ससाठी सुरू झालं.

एक चांगली गोष्टही सांगतो. मंडणगड तालुक्यात, म्हणजे बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे जिथे आहे तिथे, समाजकल्याण विभागाने कॉलेजमध्येच जाऊन मुलांना दाखले आणि व्हॅलिडिटी देण्याचं काम केलं. त्याला ‘मंडणगड पॅटर्न’ म्हणतात. मनात आणलं तर यंत्रणा मुलाच्या बाकापर्यंत येऊ शकते, एवढं त्यातून दिसलं. तुमच्या कॉलेजमध्ये असं शिबिर आहे का, विचारा. नसेल तर प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, चारपाच जणांनी मिळून.

गावी जायचं असेल तर दिवा-सावंतवाडी आपल्या दारातून सुटते, तेवढं एक सुख आहे. पण मे महिन्यात जाऊ नका. आपण सगळे मेमध्येच गावी जातो आणि शाळा तेव्हा बंद असते. आधी मुख्याध्यापकांना फोन करा, रजिस्टर शाळेत आहे की तालुक्याला जमा झालंय ते विचारा, मग तिकीट काढा.

आता पोर्टल. माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे याकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघतो. ‘सबमिट’ दाबलं म्हणजे काम संपलं असं मुलांना वाटतं. सबमिट केल्यावर अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला जातो, मग समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे. कुठेही तो परत पाठवला जाऊ शकतो, आणि परत आलेला अर्ज तुम्ही दुरुस्त करून पुन्हा पाठवला नाही तर तिथेच पडून राहतो. म्हणून दर आठवड्याला स्टेटस बघायचं. मोबाइल नंबर स्वतःचा द्या. सायबरवाल्याचा नंबर दिला की ओटीपी त्याला जातो, पासवर्ड त्याच्या वहीत राहतो, आणि डिसेंबरात त्याचं दुकान बंद झालं तर तुम्ही कोणाला शोधणार? अर्ज दर वर्षी नव्याने करायचा असतो, पहिल्या वर्षी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप येत नाही.

नावांचं बघा. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी, आणि कांबळेच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त किंवा कमी. माणसाला कळतं की हा एकच कांबळे, कॉम्प्युटरला नाही कळत. आधार दहावीच्या मार्कशीटप्रमाणे आधीच दुरुस्त करून घ्या.

प्रवेश कॅप राउंडमधूनच झाला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेवर ही शिष्यवृत्ती मिळत नाही. स्टेशनबाहेर ‘ॲडमिशन पक्कं, स्कॉलरशिपपण करून देतो’ म्हणणारा भेटला तर आधी विचारा, कॅपमधून का? तो विषय बदलेल.

आणि आता पैसा, कारण इथे घरं हादरतात.

पूर्वी फीचा पैसा सरळ कॉलेजकडे जायचा. नंतर ही योजना ६०:४० झाली. साठ टक्के केंद्र, चाळीस टक्के राज्य. केंद्राचा साठ टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो. फी एक लाख असेल तर साठ हजार तुमच्या खात्यात. त्यातली फीची रक्कम सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. शिवाय तुमचा स्वतःचा भत्ता असतो, तो तुमचा. इंजिनीअरिंगसारख्या पदवीला घरून जाणाऱ्याला वर्षाला ७,००० आणि हॉस्टेलवाल्याला १३,५००.

आमच्या पलीकडच्या चाळीतला एक मुलगा, नाव सांगत नाही. त्याचे पैसे वर्ष संपता संपता आले, मधल्या काळात कोणाच्या डोक्यातही नव्हते. वडील सिक्युरिटीत. खात्यात एकदम एवढी रक्कम बघून घरात सगळ्यांना वाटलं, पोराला बक्षीस मिळालं. त्याच महिन्यात खोलीचं डिपॉझिट वाढवून मागितलं होतं, पैसे तिकडे गेले. मग कॉलेजने फी मागितली आणि निकाल अडकला. वडिलांनी पैसे उडवले नव्हते हो, डोक्यावरचं छप्पर वाचवलं. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की यातले कुठले आपले आणि कुठले कॉलेजचे. शेवटी महिना पाच टक्क्यांनी पैसे उचलून फी भरली. म्हणून पहिल्या वर्षीच आईवडिलांना बसवून सांगा की हे पैसे येतील, उशिरा येतील, आणि एवढे आपले नाहीत. फी बाकी म्हणून मूळ कागदपत्रं दाबून ठेवणाऱ्या कॉलेजांसाठी एवढंच सांगतो, मूळ कागद तपासून परत द्यायचे, असं यूजीसीने २०१८ मध्येच बजावलं आहे. ते पत्र डाउनलोड करून फोनमध्ये ठेवा.

खात्याचं अजून एक. बँकेत आधारची झेरॉक्स देणं आणि आधारला ते खातं जोडलं जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी. एनपीसीआयकडे एक नकाशा असतो, एका आधारपुढे एकच बँक, आणि शेवटी जोडलेली जिंकते. २०१७ मध्ये लाखो लोकांची गॅस सबसिडी अशीच त्यांना न विचारता एका मोबाइल कंपनीच्या पेमेंट बँकेत वळली होती. सिम घेताना दुकानदाराने तुमचं असं खातं उघडलं असेल तर स्कॉलरशिप तिथे जाऊन बसेल. आधारच्या वेबसाइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

पैसे उशिरा येण्याने काय होतं याचं एक उदाहरण पेपरात आलं होतं. उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगरकडचा एक दलित मुलगा, वडील रोजंदारीवर. २०२४ मध्ये त्याला आयआयटी धनबादला जागा मिळाली. जागा पक्की करायला १७,५०० रुपये २४ जूनला संध्याकाळी पाचपर्यंत भरायचे होते. ते जमले नाहीत, जागा गेली. शेवटी सुप्रीम कोर्टाने ३० सप्टेंबरला त्याला प्रवेश द्यायला लावला. प्रत्येकाला सुप्रीम कोर्ट गाठता येत नाही. तेव्हा जागा पक्की करायला लागणारी सुरुवातीची रक्कम तरी घरात बाजूला काढून ठेवा. शिष्यवृत्ती तिच्यासाठी वेळेवर येणार नाही, हे धरूनच चाला.

आता तो दुसरा प्रश्न. वर्गात कळतं का?

खरं सांगू? कळतं. काही कॉलेजांत क्लार्क वर्गाच्या दारात उभा राहून ओरडतो, ‘स्कॉलरशिपवाले ऑफिसला या.’ कुठे नावांची यादी बोर्डावर लागते. मी शिकत होतो तिथे एका सरांनी भर वर्गात विचारलं होतं, ‘तुला काय, फुकटच आहे ना?’ वर्ग हसला. माझा एक मित्र त्या दिवसानंतर फॉर्मच्या रांगेत उभा राहिला नाही. वडिलांनी कर्ज काढून त्याची तीन वर्षांची फी भरली. त्याला पैशांची गरज नव्हती असं कोणी म्हणेल, पण त्याच्या घरी मी जेवलोय, मला माहीत आहे.

म्हणून तुला, ताई, मी असं सांगणार नाही की लाज वाटून घेऊ नकोस. ते माझ्या सांगण्याने जाणार नाही. एवढंच सांगतो की ही गोष्ट कुठून सुरू झाली. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठात जायला तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. त्यांनीही करारावर सही केली होती. शिकून आल्यावर बडोद्याची नोकरी करायची, अशी अट होती. त्यांनीही फॉर्म भरला होता म्हण ना. जगात मोठमोठी मुलं शिष्यवृत्तीवर शिकतात आणि बायोडेटात पहिल्या ओळीला लिहितात. आपल्याच शिष्यवृत्तीला ‘फुकट’ हा शब्द चिकटला, तो चिकटवणाऱ्यांचा प्रश्न आहे.

आणि व्यवहाराचं बोलायचं तर क्लार्कला लेखी विनंती करता येते की नाव पुकारू नका, मेसेज करा. आम्ही शेवटच्या वर्षी पंधरा जणांनी सह्या करून दिली होती. यादी बोर्डावरून निघाली. पुकारणं मात्र चालूच राहिलं.

वर्गात हसणारे चारपाच असतात. तुझी फी भरणारं त्यातलं कोणी नाही.

शेवटी एक प्रश्न खूप जणांचा, पटकन घेतो. उत्पन्न. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा वर्षाला अडीच लाख, म्हणजे महिना साधारण २०,८०० रुपये. आई आणि वडील दोघं कमावत असतील तर दिव्यातली बरीच घरं थोडक्यात वर जातात. खोटा दाखला काढायची काही गरज नाही. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी त्याच पोर्टलवर फ्रीशिप आहे, अडीच लाखांच्या वर उत्पन्न असणाऱ्यांची. तिच्यात ट्यूशन फी आणि परीक्षा फी मिळते, भत्ता मिळत नाही. दाखला तहसीलदाराचा, आपल्याला ठाणे तहसील, अर्ज सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून. पगाराची स्लिप किंवा फॉर्म सोळा असेल तर सोबत घ्या. नॉन-क्रिमीलेअर अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही, कोणी त्याचे पैसे मागितले तर उठून या.

पुढच्या भागात शैक्षणिक कर्ज घेऊ, म्हणजे तारण कधी मागतात आणि कधी मागू शकत नाहीत ते. व्हॅलिडिटी कुठे अडकली असेल तर जिल्हा आणि अर्जाची तारीख लिहून मेसेज करा, आधार नंबर पाठवू नका. चला, मालगाडी आली. भेटू.